साधी बंदूक

पाऊस लांबला आणि घुशींनी रोपवाटिकेवर धाड घातली. आजूबाजूची रानं वाळून कोळ झाली होती, ओढ्याकाठचं गवत गुरांनी मुळापर्यंत ओरबाडलं होतं, आणि सगळ्या शिवारात हिरवं म्हणावं असं फक्त दोन ठिकाणी उरलं होतं. एक थोरल्या भावाची मोठी रोपवाटिका आणि दुसरी बांधापलीकडची धाकट्याची, म्हणजे कानशाची, चार वाफ्यांची. घुशींना भाऊबंदकी कळत नाही. त्यांनी दोन्हीकडे सारखाच हात मारला.

घूस रोप खात नाही, हे तर त्याहून वाईट. ती बुंध्याची साल गोल कुरतडते, ओलाव्यासाठी. रोप सकाळी उभंच दिसतं. दुपारी पानं लोंबतात, आणि मग कळतं की काल कष्टानं बांधलेलं कलम गेलं.

कानशाचं हे नाव गावानं ठेवलेलं. रोपवाटिकेआधी तो सायकलींच्या दुकानात होता, आणि हाताशी आलेल्या प्रत्येक वस्तूवर कानस फिरवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कुलूप अडकतंय, घास. कडी वाजते, घास. बायको म्हणायची, माझं तोंड जरा जास्त चालतं, तेही घासा एकदा. त्या दुकानातच साणेवर लोखंड घासताना एक ठिणगी उजव्या डोळ्यात गेली, आणि तेव्हापासून त्या डोळ्यानं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसायचं. दुकान सुटलं. मग दोघांनी बांधालगतच्या तुकड्यात लिंबू-संत्र्याची रोपं करायला घेतली.

करायला दोघांनी घेतली, पण रोपवाटिका चालायची ती तिच्या हातांवर. तो माती चाळायचा, पिशव्या भरायचा, पाणी द्यायचा. कलमाचे डोळे ती बांधायची. खुंटाच्या, म्हणजे रानटी रोपाच्या, सालीला चाकूचा एक उभा नि एक आडवा छेद द्यायचा, साल हळूच उचलायची, चांगल्या झाडाच्या काडीवरून कापून घेतलेला डोळा उजव्या अंगठ्यानं त्या सालीखाली सरकवायचा आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. सांगायला एवढंच. पण डोळा सरकवताना अंगठ्याचा दाब जरा जास्त झाला की आतला रस चेपतो, कमी झाला की फट राहते. तिचे डोळे सहसा फुकट जात नसत. थोरल्याकडे पगारी बायका होत्या, शेडनेट होतं, फवारे होते, तरी त्याचे निम्मेच लागायचे. त्यामुळे रोपांचा ठेकेदार दर हंगामात आधी धाकट्याच्या फाटकाशी गाडी थांबवायचा, आणि हे थोरल्याला लागायचं. त्यानं कितीदा तरी सुचवून पाहिलं होतं की दोघं माझ्याकडेच या, वेगळा संसार कशाला. कानशा हसून विषय बदलायचा. ठेकेदाराची गाडी आपल्या दारात थांबते, एवढं एकच त्याच्यापाशी मिरवण्यासारखं होतं.

विष ठेवून झालं. त्यात शेजारणीची मांजर गेली आणि शेजारीण आठवडाभर फाटकाशी उभी राहून उद्धार करत होती. पिंजरे लावले, तर घुशींनी खालून माती उकरून आमिष तेवढं नेलं. शेवटी थोरला म्हणाला, बंदूक घेऊ, छऱ्याची. मी घेतोच आहे, तूही चल.

बाजारगावात गळ, कुलुपं आणि छऱ्याच्या बंदुका एकाच छपराखाली विकणारं एक जुनं दुकान होतं. दुकानदार जाड चष्म्याचा, बोलायला कंजूष. त्यानं आधी भारी माल काढला. काळी, लांब, वर दुर्बीण, पोटाशी हवेची टाकी. आवाज नाही, झटका नाही, घोड्याला नुसतं बोट टेकवलं की छर्रा सुटतो. थोरल्यानं ती खांद्याला लावली आणि पुन्हा खाली ठेवलीच नाही. म्हणाला, एक मी घेतो, एक तू घे. पैशाचं मी बघतो, तू सवडीनं दे.

कानशाचीही नजर त्या बंदुकीवरच खिळली होती. पण चालवायची होती बरोबर आलेल्या बायकोला, कारण तिन्हीसांजेला नेम धरायला त्याचा डोळा कामाचा नव्हता. म्हणून ती मध्ये आली. तिनं बंदूक उचलून पाहिली, दुर्बिणीतून रस्त्यापलीकडची पाटी पाहिली आणि विचारलं, "हवा संपल्यावर काय करायचं?"

दुकानदारानं सांगितलं की इथं आणून भरून घ्यायची, नाहीतर पंप येतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि मारायला गडी लागतो.

"आणि बिघडली तर?"

"मोठ्या शहरात पाठवावी लागते."

तिनं ती जपून गादीवर ठेवली आणि कोपऱ्यातल्या लाकडी दस्त्याच्या बंदुकीकडे बोट केलं. दुकानदाराचा चेहरा जरा खुलला. ही साधी, तो म्हणाला. नळी मधून मोडायची, म्हणजे आत स्प्रिंग ताणली जाते. छर्रा अंगठ्यानं बसवायचा, नळी मिटायची, घोडा ओढायचा. हवा नाही, टाकी नाही. वर्षातून एकदा तेलाचा थेंब. फक्त एक, छर्रा बसवताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवायची, अंगठा बाहेर येईपर्यंत सोडायची नाही. आणि खोलून आत हात घालायचा नाही.

"हीच द्या," ती म्हणाली. उरलेल्या पैशात आपल्या वाफ्यांवरही शेडनेट येईल, हा हिशेब तिनं दुकानातच करून टाकला. थोरला म्हणाला, बघा बुवा, स्वस्तात जाऊ नका. पण ती ठाम होती, आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर होतं. पुढं जे झालं त्यात बंदुकीचा काही दोष नव्हता.

बंदूक गुणी निघाली. दिवस मावळताना आणि उजाडताना ती वाफ्यांच्या टोकाला उलट्या बादलीवर बसायची. कानशा दुसऱ्या टोकाकडून काठी आपटत यायचा. घूस बिळाच्या तोंडाशी येऊन नाक वर करायची, तेवढ्या क्षणात नेम धरायचा. पहिले काही दिवस छर्रे मातीत गेले. मग बसू लागले. बादलीतल्या घुशी तो बांधापलीकडे खड्ड्यात पुरायचा आणि येताना मोठ्यानं सांगायचा, आज एवढ्या. सालीवर दातांच्या नव्या खुणा दिसेनाशा झाल्या. बांधापलीकडे थोरल्याच्या बंदुकीची टाकी दर दोन-चार दिवसांनी रिकामी व्हायची आणि गडी बंदूक मोटारसायकलवर आडवी बांधून बाजारगावाला घेऊन जायचा. त्या दिवशी घुशींची चंगळ. कानशा हे सगळ्यांना रंगवून सांगायचा. ती म्हणायची, पुरे हो, भाऊ आहे तुमचा.

एकच त्रास होता. घोडा जड होता. दिवसभर चाकू धरून आखडलेलं बोट, त्यात संध्याकाळी तो घोडा ओढायचा. जेवताना ती बोट चोळत बसायची. तक्रार म्हणून नव्हे, असंच. उन्हात काम करणारं माणूस ऊन फार आहे म्हणतं, तसंच ती घोडा जड आहे म्हणायची.

एकदा थोरल्यानं तिला आपल्या बंदुकीवर नेम धरायला बोलावलं. भरलेली होती त्या दिवशी. तिनं दुर्बिणीतून बघत बोट टेकवलं आणि छर्रा कधी सुटला हे तिलाही कळलं नाही. ती हसली. "अगंबाई, अगदी लोण्यासारखा," ती म्हणाली.

थोरला कानशाकडे बघून म्हणाला, "तुमचा घोडा म्हणजे चिखलातली गाडी ओढायची. बिचारीच्या बोटाला घट्टे पडतील."

कानशा हसला. पण ते हसू ओठांवरच होतं.

दुसऱ्या दिवशी ती काड्या कापायला जुन्या झाडांकडे गेल्यावर त्यानं भिंतीवरची बंदूक खाली घेतली. दस्ता सोडवला, स्प्रिंग जपून मोकळी केली आणि आतला तो लोखंडी दात बाहेर काढला, जो ताणलेली स्प्रिंग अडवून धरतो आणि घोडा ओढला की सोडतो. बोटाएवढा तुकडा. चांगल्या डोळ्याजवळ धरून त्यानं तो न्याहाळला. मग पत्र्याच्या डब्यातून बारीक कानस काढली. किती दिवसांनी ती हातात आली होती. लोखंडाचा वास आला, बोटांना चंदेरी भुकटी लागली, आणि त्याला बऱ्याच दिवसांनी आपण कारागीर आहोत असं वाटलं. थोडं घासायचं, जोडून बघायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा घासायचं. दुपार कलेपर्यंत घोडा असा झाला की नुसता स्पर्श पुरे. त्यानं बंदूक ताणून दस्ता जमिनीवर आपटून पाहिला. दात सुटला नाही. पुन्हा आपटला. नाही सुटला. त्यानं ती पुसली आणि होती तिथं टांगून ठेवली.

तिला सांगितलं नाही. तिला आपोआप कळावं अशी त्याची इच्छा होती.

संध्याकाळी ती बादलीवर बसली. पहिली घूस आली, तिनं घोड्याला बोट लावलं आणि छर्रा सुटला. ती क्षणभर बंदुकीकडे बघत राहिली. मग मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो पाईपला चिंधी बांधण्यात गढून गेल्याचं सोंग करत होता. ती नुसती हसली, आणि पुढचा छर्रा भरला. रात्री जेवताना तिनं बोट चोळलं नाही. त्यानं ते पाहिलं आणि त्या समाधानात तो पडल्या पडल्या झोपला.

ठेकेदार येऊन वाफे बघून गेला. तिनं बांधलेले डोळे त्यानं वाकून वाकून बघितले आणि म्हणाला, आणखी तेवढेच करा, यंदा सगळी रोपं तुमच्याकडूनच उचलतो. तेव्हापासून ती पहाटेपासून अंधार पडेपर्यंत खुंटांपुढे वाकलेली असायची. मान, पाठ, मनगट सगळं बोलायला लागलं होतं. घुशी मारणं हे आता दोन कामांच्या मधलं काम झालं. सुरुवातीला ती नळी डाव्या हातानं घट्ट धरायची. मग सवयीनं गुडघ्याला टेकवायला लागली, तेवढाच हात मोकळा. कानशानं ते पाहिलं होतं. पण आपली बायको आता तरबेज झाली, असंच त्याला वाटलं.

एका सकाळी दोन घुशी एकदमच बाहेर आल्या. एक मेली, दुसरी वाफ्यात शिरली. तिनं घाईनं नळी मोडली, गुडघ्यावर टेकवली, छर्रा अंगठ्यानं आत दाबला. खटकन आवाज झाला. छर्रा सुटल्याचा नव्हे, नळी मिटल्याचा. दातानं स्प्रिंग सोडून दिली होती.

ती ओरडली नाही. काठी आपटत आलेल्या कानशाला आधी काही कळलंच नाही. ती मांडीवरची बंदूक तशीच धरून बसली होती, आणि तिचा अंगठा लोखंडात होता. त्यानं पूर्ण जोर लावून नळी पुन्हा मोडली तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यानं आधी कधी ऐकला नव्हता.

थोरल्यानंच मोटारसायकल काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी अंगठा वरच्या पेरापासून काढला. म्हणाले, खालचा वाचला हे नशीब समजा. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो सावलीत ठेवलेल्या काड्यांवर पाणी शिंपडलं का, हा.

स्वस्तातली वस्तू ती, दुसरं काय होणार, असं सगळं गाव बोललं. शेजारीण मांजर विसरून दूध घेऊन आली आणि तेच बोलली. कानशा मान हलवायचा. हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. तिचे केस आता तोच बांधायचा. एका हातानं तिला जमत नव्हतं, आणि त्याच्या खरखरीत बोटांत केस अडकून तुटायचे. ती आरसा हातात धरून बसायची आणि वेणी वाकडी झाली तरी चांगली झाली म्हणायची.

ठेकेदार थांबणार नव्हता. म्हणून डोळे बांधायला कानशा बसला. ती शेजारी, बांधलेला हात छातीशी धरून. साल हळू उचला. चाकू तिरका नको. आता अंगठ्यानं सरकवा, दाबू नका. तो घाम पुसत, तिरका होऊन चांगला डोळा खुंटाजवळ नेत सरकवायचा. लोखंडाला ताकद लावायची सवय झालेला तो अंगठा होता. प्रत्येक वेळी साल फाटायची किंवा डोळा चेपायचा, आणि ती म्हणायची, असू दे, दुसरा घ्या. तिचा आवाज कधी चढला नाही, आणि तेच त्याला सोसवत नसे.

थोरल्याला मात्र राहवेना. तो बंदूक आणि भाऊ दोन्ही मागं बसवून बाजारगावाला गेला. वाटेत कानशा दोनदा म्हणाला, जाऊ दे दादा, काय उपयोग. थोरला म्हणाला, उपयोग कसा नाही, बायकामाणसाचा अंगठा गेला. दुकानात त्यानं तोंड सोडलं. असला कचरा विकता, पोलिसात जाईन, चार गावांत सांगेन. दुकानात माणसं जमली. दुकानदार ऐकून घेत होता. मग त्यानं बंदूक खोलली, दात चिमट्यात धरला, भिंगाखाली फिरवला.

"हा कुणीतरी कानसलाय," तो म्हणाला. "वरचं कडक पातळसं कवच होतं ते घासून गेलंय. खालचं लोखंड मऊ. ते चार दिवसांत झिजलं."

थोरल्याचं तोंड उघडं तसंच राहिलं. त्यानं हळूच मान वळवून भावाकडे बघितलं. कानशा गळांच्या डब्यांकडे बघत होता. दुकानदारानंही एकवार त्याच्या बोटांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. जमलेल्यांतलं कुणीतरी खाकरलं.

"मध्ये एकदा दुरुस्तीला दिली होती कुठंतरी," थोरला म्हणाला. "तिथंच झालं असेल." आणि त्यानं बंदुकीचे तुकडे पिशवीत भरले.

दोघं परतले. फाटकाशी गाडी थांबवून थोरला आधी आत गेला आणि तिच्यासमोर उभा राहून म्हणाला की मालच खराब होता, दुकानदारानं कबूल केलं. मग बाहेर आला. कानशा अजून गाडीपाशीच होता. थोरला त्याच्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "हंगाम संपला की तिला माझ्याकडे पाठव. बसून बायकांना शिकवेल. तूही ये." रागानं म्हणाला असता तर कानशानं काहीतरी उत्तर दिलं असतं. पण ही माया होती. तो एवढंच म्हणाला, कलमांच्या पट्ट्या सोडेपर्यंत थांब.

पट्ट्या सोडून डोळे लागले का ते बघायचा दिवस आला. आकाश नुसतं भरून यायचं आणि वाऱ्यानं निघून जायचं. ती पुढं, तो मागं, असे दोघं वाफ्यात शिरले. पहिली पट्टी त्यानं सोडली. आतला डोळा तपकिरी, बोट लावताच गळून पडला. दुसरा तसाच. तिसरा काळा. ओळ संपली, दुसरी ओळ सुरू झाली. एका खुंटावर हिरवट काहीतरी दिसलं म्हणून तो थांबला, नखानं खरवडून बघितलं, ते शेवाळ होतं. ती म्हणाली, पुढचा बघा. तो बघत गेला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सगळा वाफा संपला होता आणि जमिनीवर पट्ट्यांचा खच पडला होता. बाजूच्या वाफ्यात तिनं आधी बांधलेली कलमं तेवढी तरारून उभी होती. ठेकेदार तेवढ्यासाठी गाडी फिरवणार नव्हता.

तो मातीत तसाच बसला. ती शेजारी बसली. तो म्हणाला, "दात मी घासला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही. "दादानं सांगितलं?"

"नाही. त्याच संध्याकाळी कळलं होतं. घोडा ओढला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

ती पट्टीचा एक तुकडा डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळत होती. "मला बरं वाटलं होतं," ती म्हणाली. मग विचारलं, "माझ्यासाठी केलं होतं ना?"

तो हो म्हणाला. लगेच म्हणाला. पण म्हणताना त्याला लोण्यासारखा हा शब्द आठवला, थोरल्याचा टोमणा आठवला, आणि दुपारभर घासताना आपल्या डोक्यात तिचं बोट किती होतं आणि भावाची बंदूक किती होती, हे त्याला काही केल्या सांगता येईना. तिनं मान डोलावली. तिनं ते खरं धरलं, आणि ते त्याला फार लागलं. आयुष्यभर आता तिनं ते खरं धरायचं आणि आपण ते बघत बसायचं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू फुटलं. ती त्याच्या पाठीवर डावा हात फिरवत राहिली.

पाऊस आला तेव्हा ती दोघं बांधापलीकडे थोरल्याकडे कामाला होती. त्यांच्या स्वतःच्या वाफ्यात आता घुशी येत नव्हत्या, कुरतडायला काही राहिलं नव्हतं. तिची तेवढी कलमं थोरल्यानं आपल्या गाडीतून ठेकेदाराकडे धाडली होती.

थोरल्याच्या शेडनेटखाली तिला एक खुर्ची दिली होती. समोर बायका ओळीनं खुंटांशी बसलेल्या. साल उचला, ती सांगत होती, आता सरकवा, हलक्या हातानं. सांगता सांगता तिचा उजवा हात उचलला जाई आणि उरलेला अर्धा अंगठा हवेत डोळा सरकवी, अगदी बरोबर दाबानं. एक नवी मुलगी ते बघून तोंड दाबून हसली. शिकवणारीच्या ते लक्षातही आलं नाही. कानशाच्या आलं. त्यानं पाण्याचा पाईप ओढला आणि तो दुसऱ्या ओळीकडे गेला.